तीव्र मुरमांवरचे वैद्यकीय उपचार: कोणतं औषध, किती, किती दिवस आणि कुठे चुकतं

त्वचावेध

मुरमांवर वाचायला पुष्कळ मिळतं, पण ते बहुतेक चार-दोन पुटकुळ्यांपुरतं असतं. हा धागा वेगळ्या मुरमांसाठी आहे. कातडीखाली दुखऱ्या गाठी, आठवडेच्या आठवडे न बसणाऱ्या, कधी आतून एकमेकींना जोडलेल्या, आणि बसल्या तरी खड्डा मागे ठेवणाऱ्या.

तीव्र कशाला म्हणायचं हे फोड मोजून ठरत नाही. गाठी असणं, व्रण पडायला लागणं, छाती-पाठ भरून येणं, नीट घेतलेल्या उपचाराला तीन महिन्यांत दाद न मिळणं, किंवा चेहऱ्यामुळे माणूस चारचौघांत जायचं टाळू लागणं. यांतली एक गोष्ट असली तरी उपचार तीव्र मुरमांचा करायचा. अमेरिकन त्वचारोग अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही व्रण आणि मानसिक त्रास यांना तेवढंच वजन दिलं आहे.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची औषधं त्यावरच बेतलेली आहेत. केसाच्या मुळाजवळची तैलग्रंथी अँड्रोजन या पुरुषी संप्रेरकांमुळे जास्त तेल सोडते. नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. अडकलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो आणि दाह सुरू होतो. नळीची भिंत कातडीच्या आतच फुटली की गाठ होते. बूच बसल्यापासून फोड दिसेपर्यंत सुमारे आठ आठवडे जातात. म्हणजे आज आरशात दिसणारा फोड दोन महिन्यांपूर्वीच तयार व्हायला लागलेला असतो, आणि पंधरा दिवसांत "गुण नाही" म्हणून औषध बदलण्याला अर्थ उरत नाही.

माझं ठाम मत असं की तीव्र मुरमांत खरं नुकसान करतो तो अपुऱ्या औषधांच्या फेऱ्यांत गेलेला वेळ. तीन महिने एक अँटिबायोटिक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं, आणि दरम्यान खड्डे पडत राहतात. औषध नंतरही मिळतं, पण पडलेला खड्डा पूर्ण भरत नाही.

सुरुवात पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकपासून करू. त्याचे तीन नियम आहेत. ते एकटं द्यायचं नाही. सोबत लावायला बेन्झॉइल पेरॉक्साइड (जिवाणू मारणारं) आणि रेटिनॉइड (जीवनसत्त्व अ च्या कुळातलं, बूच सोडवणारं) हवंच. साधारण तीन ते चार महिन्यांच्या पुढे न्यायचं नाही. आणि तोंडातून एक व लावायला दुसरं अशी दोन अँटिबायोटिक्स जोडायची नाहीत. त्याने फायदा वाढत नाही, जिवाणूंची प्रतिकारशक्ती तेवढी वाढते.

औषधमात्रा

अँटिबायोटिकबद्दल भर घालते.

पहिली निवड बहुधा डॉक्सिसायक्लिन, १०० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, तीव्र असेल तर काही काळ दोनदा. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गिळलेली गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. छातीत मध्यभागी टोचल्यासारखं दुखतं, गिळताना कळ येते. ही तक्रार दरवेळी अ‍ॅसिडिटीच्या नावावर खपवली जाते.

लोह, कॅल्शियम, झिंक आणि अँटासिड यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध आतड्यात बांधलं जातं आणि रक्तात पोचत नाही. उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग समजा. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणात हा टेट्रासायक्लिन गट द्यायचा नाही.

मिनोसायक्लिनही चालतं, पण चक्कर, कातडीवर किंवा हिरड्यांवर निळसर-करडे डाग, क्वचित यकृताला सूज आणि ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार हे त्याचे खास धोके आहेत. डॉक्सिसायक्लिन चालत असेल तर त्याच्याकडे वळायचं कारण नाही. लायमेसायक्लिन ४०८ मि.ग्रॅ. रोज एक हा आणखी एक पर्याय, पोटाला त्या मानाने सौम्य.

यातलं कुठलंही औषध आयसोट्रेटिनॉइनबरोबर (तीव्र मुरमांवरची रेटिनॉइडची गोळी, तिच्यावर पुढे येऊच) एकत्र घ्यायचं नाही, हे लाल अक्षरात लिहून ठेवा. दोन्हींमुळे कवटीच्या आतला दाब वाढू शकतो. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, उलट्या अशी लक्षणं दिसली तर औषध बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

साधी_शंका

बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड दोन्ही लावायचं तर क्रम काय? एकाच वेळी लावली तर एकमेकांना मारतात असं वाचलंय. आणि चेहरा सोलवटतो तेव्हा थांबायचं की रेटायचं?

निशिगंध

एकमेकांना मारतात हे अर्धं खरं आहे. रेटिनॉइडांपैकी जुन्या पद्धतीचं ट्रेटिनॉइन बेन्झॉइल पेरॉक्साइडने आणि उजेडाने निकामी होतं. म्हणून ट्रेटिनॉइन रात्री, पेरॉक्साइड सकाळी. अडापलीन हे दुसरं रेटिनॉइड मात्र दोन्हींना टिकतं, त्यामुळे अडापलीन-पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्येही मिळतं.

पेरॉक्साइड २.५ टक्के घ्या. १० टक्क्यांनी जिवाणू फार जास्त मरतात असं नाही, कातडी मात्र नक्की जास्त जळते. पाठ-छातीसाठी ५ टक्क्यांचं वॉश, दोन-पाच मिनिटं ठेवून धुवायचं. उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे वापरा, रंगीत कापडाचा रंग उडतो. मुरमांवरच्या डॅप्सोन जेलच्या वर पेरॉक्साइड लावलं तर कातडीवर तात्पुरता पिवळा-नारिंगी रंग चढतो. घाबरायचं नाही, वेळा वेगळ्या करायच्या.

रेटिनॉइडचं प्रमाण: सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. फोडावर ठिपका लावायचा नाही, सगळ्या भागावर पातळ थर द्यायचा, कारण पुढचे फोड जिथे बनताहेत तिथे आज काही दिसत नसतं. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या. ओलसर कातडीवर लावलं की जळजळ वाढते. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडा. पहिले दोन आठवडे एकाआड एक रात्र, मग रोज.

सोलवटलं तर थांबायचं नाही आणि रेटायचंही नाही, अंतर वाढवायचं. दोन दिवसांनी एकदा लावा, आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर रेटिनॉइड घ्या. नुसती लाली आणि कोंड्यासारखे पापुद्रे चालतील. पाणी सुटणं, सूज, चिरा पडणं चालणार नाही. मग चार-पाच दिवस पूर्ण सुट्टी देऊन पुन्हा कमी वेळा सुरू करा. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सोडतात, आणि कातडी सरावते ती नेमकी त्यानंतर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. खोल गाठींवर नुसत्या लावायच्या औषधांनी भागत नाही. ती पाया म्हणून हवीत, पण त्यांच्यावर सहा महिने विसंबून बसायचं नाही.

त्वचावेध

निशिगंध, शेवटच्या ओळीला पूर्ण अनुमोदन. तिथूनच आयसोट्रेटिनॉइनवर येतो.

तीव्र मुरमांत मुरूम बनवणाऱ्या चारही कारणांवर काम करणारं हे एकच औषध. १९८२ पासून अमेरिकेत वापरात आहे. तैलग्रंथी आकसतात, तेल कमी होतं, बूच सुटतं, तेल नसल्यामुळे जिवाणू उपाशी पडतात आणि दाहही उतरतो. बाकीची औषधं थांबवली की आजार बहुधा परततो, इथे मात्र कोर्स संपल्यावरही फायदा टिकतो.

नेहमीची पद्धत अशी: पहिला महिना दर किलो वजनामागे रोज ०.५ मि.ग्रॅ., मग सोसेल तसं १ मि.ग्रॅ. पर्यंत. कोर्सभरात एकूण १२० ते १५० मि.ग्रॅ. प्रति किलो.

ओठ कोरडे पडणं हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. इतकं की योग्य मात्रेत महिना झाला आणि ओठ मऊच असतील तर औषध नीट घेतलं जातंय का, अन्नाबरोबर घेतलं जातंय का, हे आधी विचारावं. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून आठ-दहा वेळा, सुगंधी लिप बाम नको. नाकातून रक्त येत असेल तर तीच जेली रात्री नाकपुडीच्या आत बोटाने. डोळ्यांना कृत्रिम अश्रूंचे थेंब. कॉन्टॅक्ट लेन्स त्या काळात खुपतात, चष्मा बरा. रात्री कमी दिसू लागलं तर गाडी चालवणं थांबवून लगेच सांगायचं. सांधे-स्नायू दुखतात, विशेषतः जड व्यायाम करणाऱ्यांचे. जीवनसत्त्व अ च्या वेगळ्या गोळ्या बंद, कारण हे औषध त्याच कुळातलं आहे आणि विषारीपणा बेरजेत वाढतो. वॅक्सिंग कोर्समध्ये आणि नंतर सहा महिने नाही, कातडीच निघून येते.

मनःस्थितीबद्दल: तीव्र मुरूम स्वतःच नैराश्य आणतात आणि ते बरे झाल्यावर बहुतेकांचं मन सुधारतं. गटागटांच्या अभ्यासांत औषधाने नैराश्य वाढतं असं ठामपणे दिसलेलं नाही. तरी एखाद्या व्यक्तीत बदल होऊ शकतो, म्हणून सुरुवातीलाच घरातल्या एकाला सांगून ठेवावं की चिडचिड, एकटं राहणं, झोप उडणं, जगण्याबद्दल निराश बोलणं दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. आधीचा मानसिक आजार म्हणजे बंदी नव्हे, जास्त बारीक लक्ष.

काटेकोर

हिशेब मांडून दाखवतो, कारण "सहा महिने घ्या" एवढ्यावर कोर्स संपवणारे खूप आहेत.

वजन ७० किलो. १२० प्रमाणे एकूण ८४०० मि.ग्रॅ. आणि १५० प्रमाणे १०५०० मि.ग्रॅ. पहिले ३० दिवस रोज ३० मि.ग्रॅ. म्हणजे ९०० झाले. पुढे रोज ६० मि.ग्रॅ. धरलं तर ८४०० गाठायला १२५ दिवस लागतात, एकूण १५५. १०५०० साठी १६०, एकूण १९०. याच माणसाला रोज २० मि.ग्रॅ. वर सहा महिने ठेवलं तर १८० दिवसांत पोचतात ३६००, म्हणजे किलोमागे जेमतेम ५१. मग मुरूम परत आले की "औषध लागू पडलं नाही" असं म्हटलं जातं. ते पुरेसं दिलंच गेलेलं नसतं.

दुसरी गळती जेवणात. साधी कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली तर निम्म्याहून कमी शोषली जाते. स्निग्ध पदार्थ असलेल्या पोटभर जेवणाबरोबरच घ्यायची. ६० मि.ग्रॅ. असेल तर दोन जेवणांत ३०-३० अशी विभागता येते. पहाटे चहाबरोबर घेतलेली ६० ची मात्रा शरीराच्या दृष्टीने ३० पण नसते, आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. काही नव्या कॅप्सूल अन्नावर कमी अवलंबून असतात, पण आपली तशी आहे का ते विचारून घ्या.

रानजाई

काटेकोर, एका ठिकाणी असहमत. एकूण मात्रेचा आकडा गाठला म्हणजे झालं, असं नाही. शेवटचा नवा फोड आल्यापासून दोन महिने तरी कातडी स्वच्छ राहिली का, हे जास्त महत्त्वाचं. १५० ला पोचूनही नवे फोड येत असतील तर थांबणं चूक. २२० पर्यंत नेल्यास उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. आणि कमी मात्रा सरसकट वाईट नाही. मध्यम मुरमांत रोज २० मि.ग्रॅ. छान चालते, त्रासही कमी. गाठींच्या मुरमांत मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये.

काटेकोर

मान्य. आकडा हा तळ आहे, शेवटची रेघ नाही. माझा मुद्दा तळही न गाठणाऱ्यांपुरता होता.

शुक्रतारा

गरोदरपणाचं अजून कोणी लिहिलं नाही आणि या औषधात त्याहून मोठं काहीच नाही.

आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू आणि थायमस ग्रंथी यांत गंभीर व्यंग येतं. थोड्या दिवसांचं, थोड्या मात्रेचं घेणंही सुरक्षित नाही. सुरू करण्याआधी एक महिना, कोर्सभर आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन हवं. तांबी किंवा त्वचेखालचं इम्प्लांट यांत विसराळूपणाला वाव नसतो. गोळ्यांवर असाल तर जोडीला कंडोम. गर्भचाचणी सुरुवातीपूर्वी, दर महिन्याला आणि संपल्यावर महिन्याने. अमेरिकेत यासाठी २००६ पासून आयप्लेज नावाची सक्तीची नोंदणी आहे. ब्रिटनमध्ये २०२३ च्या अखेरीस १८ वर्षांखालच्या रुग्णांना सुरू करायला दोन तज्ज्ञांच्या संमतीचा नियम आणला गेला. जिथे अशी यंत्रणा नाही तिथे ही जबाबदारी डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून उचलायची.

"मग पुढे मूल होईल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. हो. महिन्याभरात औषध शरीराबाहेर जातं आणि नंतरच्या गर्भावर परिणाम राहत नाही. तीन वर्षं थांबायला सांगतात ते अ‍ॅसिट्रेटिनसाठी, जे सोरायसिसचं औषध आहे. नावसाधर्म्यामुळे गल्लत होते. पुरुष घेत असतील तर त्यांच्या जोडीदाराच्या गर्भाला धोका मानला जात नाही. पण रक्तदान कोणीच करायचं नाही, कोर्सभर आणि नंतर एक महिना. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. आणि उरलेल्या गोळ्या मैत्रिणीला, बहिणीला द्यायच्या नाहीत.

औषधमात्रा

तपासण्या. सुरुवातीला यकृताची एएलटी आणि उपाशीपोटी चरबीची तपासणी. मग पूर्ण मात्रेवर आल्यावर, साधारण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, पुन्हा एकदा. दोन्ही ठीक असतील आणि मात्रा वाढत नसेल तर दर महिन्याला रक्त काढण्याची बहुतेकांना गरज नाही. सरसकट हिमोग्लोबिन-पेशी मोजत बसण्याचीही नाही.

ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी ५०० मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटरच्या वर गेलं तर मात्रा कमी करतात किंवा थांबवतात, कारण आणखी वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. आकडा वाढलेला दिसला की पहिला प्रश्न: खरंच उपाशीपोटी होतात का? आदल्या रात्री मद्य? एएलटी तिपटीच्या वर गेली तर थांबवायचं. एकटी एएसटी (यकृत आणि स्नायू दोन्हींत असणारं एन्झाइम) वाढली असेल आणि आदल्या दिवशी जोरात व्यायाम झाला असेल तर ती बहुधा स्नायूंतून आलेली असते. सीके (स्नायूंचं एन्झाइम) आणि जीजीटी (यकृताचं) पाहा, आठवडाभर व्यायाम थांबवून पुन्हा तपासा. विनाकारण कोर्स अर्धवट सोडणारे इथे बरेच अडकतात.

साधी_शंका

सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात मुरूम उलट वाढतात ते का? तेव्हा मात्रा वाढवायची का?

त्वचावेध

नाही, नेमकं उलट. पहिल्या काही आठवड्यांत बुचं सैल होतात आणि काहींमध्ये दाह उसळतो. आधीच मोठ्या गाठी आणि पुष्कळ ब्लॅकहेड असलेल्यांत हे जास्त. अशांना सुरुवात ०.५ ऐवजी ०.२ किंवा त्याहून कमीने करावी.

याचं भयंकर रूप म्हणजे अ‍ॅक्ने फुल्मिनन्स. बहुतेक किशोरवयीन मुलगे. अचानक गाठी फुटून रक्ताळलेले, खपली धरलेले व्रण, सोबत ताप, सांधेदुखी, हाडं दुखणं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. हे आपोआप होतं, पूर्ण मात्रेत आयसोट्रेटिनॉइन सुरू केल्यानेही होतं, आणि शरीर कमावायला घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन-अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइडमुळेही. इथे आधी प्रेडनिसोलोन हे दाह उतरवणारं स्टेरॉइड, रोज ०.५ ते १ मि.ग्रॅ. प्रति किलो, दोन ते चार आठवडे. दाह शमल्यावर आयसोट्रेटिनॉइन ०.१ मि.ग्रॅ. प्रति किलो इतक्या थेंबभर मात्रेने, दोन्ही काही आठवडे बरोबर, मग स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं. स्टेरॉइड झटकन बंद केलं की सगळं परत उसळतं. ताप आणि फुटलेल्या गाठी एकत्र दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रानजाई

स्त्रियांसाठी संप्रेरकांचा मार्ग. जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर खोल गाठी, पाळीच्या आधी उसळणाऱ्या, पंचविशीनंतरही चालू. इथे तो खूप उपयोगी.

स्पायरोनोलॅक्टोन ही अँड्रोजनला अडवणारी गोळी रोज ५० मि.ग्रॅ. ने सुरू, सहा आठवड्यांनी १०० वर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या साफा या ब्रिटिश चाचणीत हीच पद्धत होती. १२ आठवड्यांना फरक दिसला आणि २४ आठवड्यांना तो जास्त ठळक होता. म्हणजे तीन महिन्यांच्या आत निकाल मागायचा नाही. पाळी अनियमित होणं, स्तन दुखणं, वारंवार लघवी, उठल्यावर चक्कर हे त्रास. निरोगी तरुण स्त्रीत पोटॅशियम पुन्हापुन्हा तपासायची गरज नसते. मूत्रपिंडाचा विकार, वय जास्त, किंवा रक्तदाबाची नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली गोळी चालू असेल तर मात्र हवीच. कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकबरोबर देऊ नये, दोन्ही पोटॅशियम चढवतात. गरोदरपणात नाही. पुरुषांना नाही, स्तन वाढतात.

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्याही चालतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणारी अर्धशिशी, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, किंवा ३५ नंतर धूम्रपान असेल तर नाहीत.

पाळी लांबणं, हनुवटी-पोटावर राठ केस, डोक्याचे केस विरळ होणं असं सोबत असेल तर टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं रक्तात तपासून घ्या. गर्भनिरोधक गोळी चालू असताना केलेली तपासणी फसवी येते.

निशिगंध

एखादीच टपोरी गाठ असेल तर त्यात ट्रायअमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. दोन-तीन दिवसांत बसते. हे डॉक्टरांनीच करायचं, पण सौम्य केलेलं प्रमाण विचारून घ्यायला हरकत नाही, कारण खड्डा पडतो तो प्रमाण चुकल्याने. चेहऱ्यावर २.५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. पुरतं, एका गाठीत ०.०५ ते ०.१ मि.ली. १० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. च्या कुपीतून ०.२५ मि.ली. घेऊन त्यात ०.७५ मि.ली. सलाइन. कुपी ४० ची असेल तर ०.१ मि.ली. मध्ये १.५ मि.ली. सलाइन. ४० च्या कुपीत सवयीने तिप्पटच सलाइन घातलं की तयार होतं १०, म्हणजे हवं त्याच्या चौपट. औषध तळाशी बसणारं असतं, कुपी हलवून मगच ओढायचं. सुई गाठीच्या मध्यात, खालच्या चरबीत नाही. चुकून खळगा पडलाच तर बहुधा काही महिन्यांत भरतो.

आणि गाठ पिळायची नाही. तिला तोंडच नसतं. दाबलं की भिंत आत फुटते आणि दाह शेजारी पसरतो.

काटेकोर

"सगळं करून झालं, काहीच चालत नाही" अशा वेळी निदान पुन्हा तपासा.

कपाळ, छाती आणि पाठीवर एकसारखे बारीक, खाजणारे फोड, एकही ब्लॅकहेड नाही, आणि अँटिबायोटिकने वाढतात: ही मालासेझिया बुरशी. खरवडून स्लाइड पाहता येते. उपचार बुरशीचा, मुरमांचा नाही. अनेक महिने अँटिबायोटिक घेतल्यावर अचानक नाक-तोंडाभोवती पुवाचे फोड: ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू, पुवाचं कल्चर करा; यातही आयसोट्रेटिनॉइनच चांगलं चालतं. गोरेपणाच्या किंवा खाजेच्या मिश्र मलमात स्टेरॉइड असेल तर एकाच आकाराचे फोड उठतात, आणि मलम थांबवल्यावर काही आठवडे आणखी भडकतात. ते अपेक्षित आहे. पुन्हा तेच मलम लावलं तर चक्र सुटत नाही. लिथियम, फेनिटोइन, आयसोनियाझिड, बी-१२ ची मोठी मात्रा हीही कारणं. काखेत, जांघेत गाठी आणि वाहती छिद्रं असतील तर हिड्राडेनायटिस. तो आजार वेगळा, उपचार वेगळे.

साधी_शंका

खड्ड्यांवरचे उपचार कोर्स संपून सहा महिने झाल्याशिवाय करता येत नाहीत ना?

त्वचावेध

ही जुनी सूचना. २०१७ पासून तज्ज्ञांच्या एकमताने ती सैल झाली आहे: वरवरचे केमिकल पील आणि केस काढायचं लेझर यांसाठी थांबायची सक्ती नाही. संपूर्ण चेहरा घासणारं डर्माब्रेजन आणि कातडीचा थर जाळणारं लेझर मात्र टाळायचं.

खड्ड्याच्या आकाराप्रमाणे उपाय. सुईने टोचल्यासारख्या अरुंद-खोल खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब, फक्त तळाशी. आतून ओढल्यासारख्या लाटांना सबसिझन, म्हणजे सुईने खालचे तंतू सोडवणं. उभ्या कडांच्या रुंद खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल (सलग नव्हे, ठिपक्याठिपक्यांनी मारायचं) लेझर. एका चेहऱ्यावर बहुधा तिन्ही प्रकार असतात, म्हणून एकाच यंत्राचं पॅकेज घेण्यात अर्थ नाही. सावळ्या कातडीत लेझर आणि आम्ल दोन्ही काळे डाग ठेवू शकतात, आधी छोट्या भागावर करून बघावं. खड्डा नसलेला तपकिरी डाग हा व्रण नव्हे; सनस्क्रीन, रेटिनॉइड आणि अझेलेइक आम्ल १५-२० टक्के यांनी काही महिन्यांत फिकटतो. अझेलेइक गरोदरपणातही चालतं.

तैलग्रंथींवर नेमकं काम करणारं १७२६ नॅनोमीटरचं लेझर अमेरिकेत २०२२ पासून मान्य आहे. आयसोट्रेटिनॉइन घेता येत नाही अशांना विचार करण्याजोगं, पण गाठींच्या मुरमांत मी त्याला अजून पहिली जागा देणार नाही.

साधी_शंका

शेवटचं. कोर्स संपला, दोन-चार बारीक फोड आले, तर लगेच दुसरा कोर्स?

रानजाई

नाही. शेवटच्या गोळीनंतरही काही आठवडे सुधारणा चालू राहते, निदान दोन महिने थांबून बघा. तेवढ्या काळात, कोरडेपणा ओसरला की, अडापलीन रात्री सुरू करा आणि वर्षभर तरी चालू ठेवा. बारीक फोड तेवढ्याने आवरतात. लहान वयात कोर्स झालेले, पाठ-छाती भरलेली असलेले आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्या स्त्रिया यांच्यात उलटण्याची शक्यता जास्त. गाठी परत आल्या तर दुसरा कोर्स देता येतो, त्याच तपासण्या आणि त्याच गर्भचाचण्यांसह, पहिल्यापासून. आणि तेव्हा पहिल्या कोर्सच्या चिठ्ठ्या काढून एकूण किती मि.ग्रॅ. पोटात गेले होते ते आधी मोजा.